पोराला मधोमध बसवायचं म्हणजे काय?

दोस्तहो, सरकारी कागदावर 'विद्यार्थीकेंद्री शिक्षण' हा शब्द हल्ली फार दिसतो. पण बाकं गोल मांडली की पोर मधोमध येतं का?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं मागणी केली : शाळामास्तर शेतकरी वर्गातला हवा, लोकांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराचं रुमणं धरायला न लाजणारा. ज्याला पोराच्या घरची भाकर कळत नाही, त्याला पोराचं गप्प बसणंही कळत नाही.

मी मागावर काम करतो. आवाज बदलला की धोटा कुठं अडतो ते मला समजतं. हे बुकात वाचलेलं नाही. असलं ज्ञान ऊसतोड्याच्या पोरीपाशीही असतं. मग मास्तरानं विचारावं, टनाला मोळ्या किती? मजुरी किती? उचल किती फिटली? गणित तिथंच आहे. विचारून गप्प राहावं. मागच्या बाकावरची पोरगी तोंड उघडेस्तोवर थांबावं. तिची बोली दुरुस्त करण्याआधी तिचं म्हणणं ऐकावं.

पण सावध! मद्रासमध्ये १९५३ साली राजगोपालाचारींनी अर्धा वेळ शाळा, उरला वेळ बापाचा धंदा, अशी योजना आणली. पेरियारांनी रान उठवलं. १९५४ साली ती गुंडाळावी लागली. चांभाराच्या पोराला जोड्यातच कोंडणं म्हणजे जुनी वर्णव्यवस्थाच.

तेव्हा सुरुवात पोराच्या घरापासून करा, पण शेवट कुठं करायचा ते पोराला ठरवू द्या. वस्तीत अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनो, आपल्या वर्गात कोण किती बोलतं, ते आजच मोजा.