एका पेयास दोन मापें

एकाच कृतीस एका ठिकाणीं कला म्हणावें आणि दुसऱ्या ठिकाणीं गुन्हा म्हणावें, तर त्या भेदास नीतीचा कांहीं आधार आहे, कीं तो केवळ पैशाचा भेद आहे? प्रश्न जुनाच आहे. परंतु अलीकडे एका साध्या जिनसेच्या निमित्तानें तो आमच्यापुढें नव्यानें उभा राहिला आहे. ती जिन्नस म्हणजे ताजी बिअर.

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील बिअर शॉपींत जी मिळते ती कारखान्यांतली बाटलीबंद बिअर होय. जिला हल्लीं क्राफ्ट बिअर म्हणतात, म्हणजे जी लहान प्रमाणांत, कारागिराच्या नजरेखालीं तयार होते, ती प्यावयाची तर पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहराची वाट धरावी लागते. पुण्यांत २००९ सालीं ‘डूलाली’ या नांवानें अशी मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नाशिकजवळच्या देवळालीचा इंग्रज सोल्जरांनीं जो अपभ्रंश केला, तोच हा शब्द. तेथपासून ही आवड वाढत गेली, आणि ‘आपल्या गांवांत ताजी बिअर कोठें मिळेल?’ हा प्रश्न लहान शहरांतील तरुणही विचारूं लागले आहेत. कोणी हंसेल, आम्ही हंसणार नाहीं. ताजेपणाच्या ओढींत एक विचार दडलेला आहे.

बिअर म्हणजे मोड आणून वाळविलेलें जव, हॉप्स नांवाच्या वेलीचीं फुलें, यीस्ट आणि पाणी. तापवून जंतुरहित न केलेली बिअर थंड जागीं ठेवावी लागते. हवा लागली तर तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, ऊन लागलें तर दुर्गंधी येते, आणि हॉप्सचा सुवास तर थोड्याच काळांत उडूं लागतो. यावरून एक गोष्ट निघते. ताजी वस्तु दूर जाऊं शकत नाहीं, म्हणून तिचा कर्ता गिऱ्हाइकाच्या जवळच रहावा लागतो. जो जवळ राहतो त्याला विचारतां येतें: यांत काय घातलें, पाणी कोठून आणलें, काल चव निराळी कां होती? ताजेपणाची खरी किंमत जिभेपेक्षां या उत्तरदायित्वांत अधिक आहे. बाटलीचा कर्ता असा हातीं लागत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें, आणि त्याच महिन्यांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मराठवाड्यांतील मद्याच्या कारखान्यांचें पाणी कमी करण्याचा आदेश दिला. तोंवर आपल्या पेल्यांतील बिअर कोणाच्या तहानेच्या वांट्यांतून आली, हें किती गिऱ्हाइकांनीं विचारलें असेल?

आतां हीच कसोटी जरा मागें नेऊन पाहूं. ताजें, स्थानिक आणि हातचें पेय आमच्या प्रदेशाला नवें आहे काय? शिंदीच्या झाडास संध्याकाळीं मडकें लावून पहाटे उतरविलेली नीरा सूर्य वर येतांच आंबूं लागते. तिच्याहून ताजें पेय सांपडणें कठीण. तिचा कर्ता तर गिऱ्हाइकाचा शेजारीच. पण मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें छेदल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर कर बसला आणि दारू गाळण्याचें काम मध्यवर्ती भट्ट्यांकडे गेलें. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें घरीं बाळगण्यावरही निर्बंध आले. हिंगोली तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. तेथेंही अबकारी हें खजिन्याचें मोठें कलम होतें. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आमच्या वांट्यास आला. सारांश, जो कालपर्यंत ताजें पेय करणारा कारागीर होता, तो परवाना नाहीं म्हणून चोर ठरला. आणि आज तेंच काम परवान्याचे पैसे मोजून कोणी केलें, तर तो कलावंत ठरतो.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. २०१५ च्या जूनमध्यें मुंबईच्या मालवणींत मिथेनॉलमिश्रित दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. शिंदी-ताडींत क्लोरल हायड्रेटसारखें गुंगीचें द्रव्य मिसळण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. परवान्याचा धाक नसेल तर असेंच होणार, असें ते म्हणतील. आम्हांस हें मान्य आहे. परंतु यांतून परवान्याची गरज सिद्ध होते, गरिबाला परवाना मिळूं नये हें सिद्ध होत नाहीं. शिवाय मालवणीचें विष लपून चालणाऱ्या धंद्याचें विष होतें, आणि धंदा लपला कीं कर्त्यास कोणी कांहीं विचारूं शकत नाहीं. बव्हेरियांत १५१६ सालीं ड्यूकनें मद्य करणारांवर कायदा घातला, तेव्हां भाव तर ठरविलेच, पण पिपांत जव, हॉप्स आणि पाणी यांवांचून कांहीं घालूं नये, असेंही बजावलें. म्हणजे त्या कायद्यानें कर्त्यास ‘काय घातलेंस?’ हें विचारलें. आमच्या अबकारीनें बहुतेक वेळीं ‘किती भरलेस?’ एवढेंच विचारलें.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. मद्य ताजें असो वा शिळें, महाग असो वा स्वस्त, त्यानें घरें मोडतात; मग त्यांत तरतम कशाला करावयाचें? हा आक्षेप आम्ही डोळ्यांआड करीत नाहीं. ज्या घरांत मजुरीचा पैसा संध्याकाळीं दुकानांत जातो, त्या घरच्या बाईला हॉप्सचा सुवास सांगणें ही निष्ठुरता होय. महाराष्ट्रांत गांवाच्या वा प्रभागाच्या मतदारांस मतदानानें ‘आडवी बाटली’ करून परवान्याचें दुकान बंद पाडतां येतें. या नियमाचें आम्हांस कौतुक वाटतें तें याकरितां कीं, ज्याला इजा होते त्यालाच त्यानें प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला. उत्तरदायित्व म्हणतात तें हेंच.

मग न्याय तो कोणता? मद्य करणाऱ्यास तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागलीं पाहिजेत: तूं यांत काय घातलेंस, कोणाचें पाणी घेतलेंस, आणि तुझ्यामुळें शेजारच्या घराचें काय झालें? हे प्रश्न पुण्यांतल्या चकचकीत तांब्याच्या टाकीलाही विचारावे आणि शिंदीखालच्या मडक्यालाही विचारावे. जो उत्तर देऊं शकेल त्यास, तो कितीही गरीब असो, उजळ माथ्यानें धंदा करूं द्यावा. जो देऊं शकणार नाहीं त्याचें दुकान, तें कितीही देखणें असो, बंद व्हावें. हिंगोलींतल्या तरुणानें ताजी बिअर अवश्य शोधावी. पण शोधतांना ज्या ताज्या पेयाचा कर्ता त्याच्याच शिवारांत गुन्हेगार ठरला, त्याचीही एकदां आठवण करावी. माप एकच ठेवलें, तर कोणास काय मिळेल तें मिळो. निदान आपण न्याय केला असें तरी म्हणतां येईल.