वाजलेला गजर

काल चौदाव्या ओळीत गुडघे टेकून एक काडी डोळ्यांजवळ धरली. काडीवरचा डोळा फुगला होता. वरची तपकिरी टोपणं सरून आतली तांबूस-पांढरी लव बाहेर आली होती. आमच्याकडे निफाडला याला ‘डोळा कापसला’ म्हणतात. अजून चार-पाच उबदार दिवस मिळाले की पोंगा, मग पहिलं पान, आणि पानाआडून मोहरीएवढ्या कळ्यांचा इवलासा घड. हा घड खरं तर या वर्षीचा नसतो. गेल्या उन्हाळ्यात, काडी हिरवी असतानाच, तो सूक्ष्म रूपात डोळ्याच्या आत ठरून गेलेला असतो. मी जे पाहतोय ते गेल्या वर्षीचं आहे, ही जाणीव या ओळीत मला फार बोचते.

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समध्ये, आमची दोन एकरांची बाग आहे. वर बॅकस, मधे पिनो न्वार आणि उताराच्या तळाला पाच ओळी शार्डोने. नोकरी सांभाळून केलेली ही बाग. लहानपणी पाहिलेल्या बागेपेक्षा हिचं सगळंच उलटं. नाशिककडे द्राक्षवेलीला खरी झोप अशी मिळतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट. आठ-दहा दिवसांत बाग फुटते. इथे वेल नोव्हेंबरपासून लाकडासारखी उभी असते. मार्चअखेर जमीन जरा तापली की छाटलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबतो, आणि तेवढ्यावरून समजायचं की खाली मुळं जागी झालीत. हवेची सरासरी दहा अंशांवर टिकली की डोळे हलतात. घाई करता येत नाही आणि करूही नये, कारण लवकर फुटलेला डोळाच हिमाच्या तोंडी जातो. 2017च्या एप्रिलअखेर इथल्या कित्येक बागा दोन-तीन रात्रींत करपल्या. जर्मनीत तर 15 मेपर्यंत भरवसा धरत नाहीत. त्या दिवशीच्या संत सोफीला ते ‘थंड सोफी’ म्हणतात.

वसंतातलं हिम वारा नसलेल्या, स्वच्छ चांदण्यांच्या रात्री पडतं. जमिनीतली ऊब आकाशात निघून जाते, गार हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि तळाच्या कुंपणाशी तुंबते. आमची शार्डोने नेमकी तिथे, आणि ती फुटतेही सगळ्यांत आधी. लावतानाच चुकलं ते. पण त्या चुकीबद्दल मला आज लिहायचं नाही.

गेल्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात कोंब बोटभर झाले होते. तळाच्या ओळींत तापमापक बसवलेला आहे. पारा एक अंशाच्या खाली गेला की माझ्या फोनवर गजर वाजतो. गोठ्यात पॅराफिनच्या एकशे वीस मोठ्या मेणबत्त्या रचून ठेवल्या होत्या. बादलीएवढा डबा, एकदा पेटवला की रात्रभर जळणारा. पाच ओळींना तेवढ्या पुरतात. ऊब फार नाही देत, दोनेक अंशांची; पण कोवळ्या कोंबाचं जगणं-मरणं त्या दोन अंशांतच असतं.

गजर दोन वाजून दहा मिनिटांनी वाजला. मी फोन पाहिला. 0.9. मी गजर बंद केला आणि कूस बदलली.

साडेपाचला खाली गेलो तेव्हा पारा उणे 2.4 होता. कोंब ताठ होते, काचेसारखे. खरं रूप दिसलं ते ऊन आल्यावर. दहा वाजेपर्यंत प्रत्येक कोंब उकडलेल्या अळूच्या पानासारखा काळपट होऊन लोंबायला लागला. चिमटीत धरला तर नुसतं पाणी.

बायकोला सांगितलं, गजर वाजला नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, हिमानं नेलं. दोन्ही वाक्यं इतकी सहज तोंडातून आली की आधीच तयार ठेवली होती की काय असं वाटावं.

आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस एक मुलगा कामाला येतो. विशीच्या आतला, जवळच्या कॉलेजात द्राक्षशेती शिकणारा. त्या दिवशी दुपारी तो तळाच्या ओळींतून हळूहळू फिरला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, “या पाच ओळींतलं गवत माझ्याकडून कापायचं राहिलं होतं. त्यानं झालं का?” गवत वाढलेलं असलं की जमीन दिवसा तापत नाही आणि रात्री आपली ऊब वर सोडत नाही, हे खरंच आहे. एखाद्या अंशाचा फरक त्यानं पडलाही असेल. त्या खरेपणाचा मी आडोसा घेतला. मी म्हणालो, “गवतानं फरक पडतो खरा.” एवढंच. खोटं एक अक्षर नाही, आणि तरी आजवर बोललेल्यांतलं ते सर्वांत खोटं वाक्य.

पंधरा दिवसांनी त्यानं कॉलेजची कामाची नोंदवही सहीसाठी आणली. ‘गवत वेळेवर न कापल्यामुळे हिमाचं नुकसान वाढलं, जबाबदारी माझी’ असं त्यानं नीट, सरळ अक्षरात लिहिलं होतं. मी वाचलं. खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली.

मी का उठलो नाही, हे वर्षभर स्वतःला विचारतोय. आधी म्हणालो, दमलो होतो. मग मान्य केलं की मेणबत्त्यांचा हिशोब डोक्यात होता. हजार पौंडांच्या वर माल जाळायचा आणि पहाटे ढग आले तर? पण त्याच्याही खाली एक उत्तर आहे, आणि तिथवर जायला मला हिवाळा लागला. निफाडला माझे वडील, आण्णा, जानेवारीत पारा चार-पाचवर आला की रात्रभर बागेत असत. ओळींच्या तोंडाशी शेकोट्या, पहाटे ठिबकचं पाणी चालू, धोतराला धुराचा वास. पिकत आलेले मणी तडकले असते तर सोसायटीचं कर्ज आमच्या उरावर बसलं असतं. माझ्या उरावर काही बसणार नव्हतं. पगार पहिल्या तारखेला येणारच होता. त्या रात्री 0.9 पाहताना हे मला ठाऊक होतं. मी बागायतदाराचा मुलगा आहे असं चारचौघांत अभिमानानं सांगतो; गजर बंद करणारा हात मात्र ज्याचं पोट बागेवर नाही अशा माणसाचा होता. आणि नुकसान ज्याच्या मनाला लागलं, त्याचं तर ते पीकही नव्हतं.

काळ्या पडलेल्या कोंबांशेजारून तीन आठवड्यांनी दुसरी फूट आली. द्राक्षाच्या डोळ्यात एक मुख्य कोंब असतो आणि त्याच्या आड आणखी दोन दडलेले असतात. पहिला गेला तर दुसरा येतो, पण घड बेताचेच. ऑक्टोबरात त्या पाच ओळींतून काही क्रेट निघाले. कोणी विचारलं की मी हिमाचं नाव घेत राहिलो.

या एप्रिलमध्ये गवत कुणीही न सांगता कापलं जातंय. आठवड्यातून दोनदा. परवा पाहिलं तर खोडाच्या बुंध्याशी, जिथे यंत्र पोचत नाही, तिथे तो गुडघ्यांवर बसून हातकात्रीनं पातं न् पातं कापत होता. मी वरच्या फाटकापाशी उभा राहून बघत राहिलो. माझी झोप तो कापत होता.

त्या रात्री हे लिहायला बसलो. बरंच भरभर लिहून झालं, मन हलकं वाटायला लागलं, आणि तिथेच माझ्या लक्षात आलं. मी मराठीत लिहितोय. तो हे कधीच वाचणार नाही. ज्याचं देणं आहे त्याला न कळणाऱ्या भाषेत कबुली देऊन मोकळं व्हायचं, ही तर त्याच पहाटेची दुसरी कूस झाली. लिहिणं तिथेच थांबवलं.

वरचा परिच्छेद आणि हा, यांच्या मधे आजची सकाळ आहे. तो आल्या आल्या मी तळाच्या ओळींत गेलो आणि त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. गजर वाजला होता. मी पाहिला होता. मी उठलो नाही. तुझ्या वहीत जे लिहिलंयस ते खरं नाही आणि त्याखाली माझी सही आहे. वही आण, मी माझ्या हातानं दुरुस्त करून देतो. लिहिताना सुचलेली सगळी वाक्यं तिथे निरुपयोगी होती.

तो बराच वेळ बोलला नाही. कात्रीची पाती त्यानं पँटला पुसली. मग विचारलं, “किती वाजता वाजला होता?”

“दोन वाजून दहा मिनिटांनी.”

त्यानं वेलींकडे पाहिलं. तळाच्या कुंपणाकडे, मग गोठ्याकडे. मेणबत्त्या बाहेर आणून पेटवायला किती वेळ लागला असता, याचा हिशोब तो करत असावा. मग पुढच्या वेलीपाशी बसला आणि गवत कापायला लागला. वहीबद्दल तो अजून काही बोललेला नाही.