गुणाकार आणि विश्वास

एकाची सदुसष्ट वेळा दुप्पट करावी आणि आलेल्या राशीतून एक वजा करावा. उरते ती संख्या अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. हिला मूळ संख्या म्हणावे काय? म्हणजे, एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला निःशेष भागणारे दुसरे कोणी नाही काय?

फ्रान्समधील मर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ साली अशा मूळ राशींची यादी दिली. तीत ६७ हा आकडा होता. पुढची दोनशे बत्तीस वर्षे तो तेथे निर्वेध राहिला. मग १८७६ मध्ये एद्वार ल्यूकासने दाखवून दिले की ही संख्या मूळ नव्हे, तिला भाजक आहेत. कोणते? ते त्यालाही सांगता येत नव्हते. त्याची कसोटीच अशी, की एकही भाजक हाती न लागता निकाल मिळावा.

गणितापुरता वाद तेथेच मिटला. तरी मन स्वस्थ होत नाही, आणि ते का होत नाही, हाच मला खरा प्रश्न वाटतो. घरात चोर आहे एवढे सिद्ध करून कोणी निघून जावे, तसे वाटते. ल्यूकासची रीत ज्याला उमगली त्याला ज्ञान झाले; बाकीच्यांनी मर्सेनवरचा विश्वास काढून ल्यूकासवर ठेवला, इतकेच. तो योग्य ठिकाणी बसला हे खरे. पण शेवटी विश्वासच!

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गणितसभेत फ्रँक नेल्सन कोल हे आपला निबंध वाचावयास उठले. बेल या लेखकाने सांगितलेली हकीकत अशी (तिला थोडे तिखटमीठ लागलेले असेल), की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्यावर त्यांनी ही संख्या काढली. शेजारी १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. दोन्ही उत्तरे जुळली, आणि ते जागेवर जाऊन बसले. किती काळ लागला, असे पुढे विचारता म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

या संख्येचा कोणताही भाजक १३४ च्या एखाद्या पटीत एक मिळवून येतो. कोलचा लहान भाजक १४,४५,५८० व्या पटीपाशी दडला होता. एकेकाने भागत बसते तर रविवार पुरते ना. त्यांनी वर्गशेषांच्या चाळण्या लावून उमेदवार गाळले. हे कष्ट उत्तरात कोठेच दिसत नाहीत. दिसतो तो शाळकरी मुलालाही तपासता येणारा गुणाकार. त्याला कोलवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. आज यंत्र हे भाजक निमिषात काढते, म्हणून ते रविवार वाया गेले असे मला म्हणवत नाही.

हे लिहिण्यापूर्वी मी तो गुणाकार कागदावर करून पाहिला. पहिल्या खेपेला मधला एक आकडा जुळेना. मी माझा चुकलेला हातचा शोधत बसलो. कोल चुकले असतील, ही शंका मला एकदाही आली नाही.