निसटत्या कौलाचा अधिकार

लोकशाहीत अखेरचा शब्द बहुमताचा, हे तत्त्व आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ज्याच्या पारड्यात चार मते अधिक पडली त्याला नेमका कशाकशाचा अधिकार प्राप्त होतो, याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. राज्याचा कारभार कोणी पाहावा हे ठरविणे ही एक गोष्ट झाली; राज्य कोणते असावे, त्याची सीमा कोठे असावी आणि आपण कोणत्या नावाने ओळखले जावे हे ठरविणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट होय. या दोहोंचा निवाडा एकाच मापाने करावा काय, हा प्रश्न मुळात नीतीचा आहे, आणि कायद्याच्या आधी विवेकाने त्याचे उत्तर दिले पाहिजे.

आमच्या कोपरगावात २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत आशुतोष काळे यांना ८७,५६६ आणि स्नेहलता कोल्हे यांना ८६,७४४ मते पडली. ज्या तालुक्यात काळे आणि कोल्हे या दोन घराण्यांची चढाओढ गोदाकाठच्या उसाइतकी खोल रुजलेली आहे, तेथे अवघ्या ८२२ मतांनी जागेचा निकाल लागला. तरीही ८२२ मतांनी निवडून आलेला आमदार आणि लाखाच्या फरकाने निवडून आलेला आमदार यांच्या अधिकारात कायदा तसूभरही फरक करीत नाही, आणि करूही नये. कारण २०१४ साली याच मतदारसंघाने याच दोघांत उलट कौल दिला होता, आणि २०२४ साली काळे १,२४,६२४ मतांच्या फरकाने निवडून आले. पाच वर्षांनी पुन्हा मतपेटी उघडणार आहे, हा भरवसा हरलेल्याच्या गाठीशी असतो, म्हणूनच तो हार पचवितो. निसटत्या बहुमताचे सारे सामर्थ्य या भरवशावर उभे आहे. जेथे मतपेटी पुन्हा उघडायचीच नसते, तेथे मग त्याच अल्प फरकाचे मोल किती धरावे?

या प्रश्नाची आपल्या घरची कसोटी पाहावयाची तर गोव्याकडे वळावे लागते. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांचा अंमल संपला, आणि १९६३ च्या निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. निवडणूक जिंकली त्याअर्थी गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा हुकूम रयतेने दिला, असे विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे होते. सरकार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य कायमचे ठरविणे वेगळे, असे जॅक सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी बजावीत होते. अखेरीस संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला, कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीय मतदारापुढे दोन चिन्हे ठेवण्यात आली : विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे होते.

याचा अर्थ असा की, १७,०११ मतदारांनी दोन पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता, तर गोवा हा महाराष्ट्राचा एक जिल्हा झाला असता, आणि तो निर्णय फिरविण्यासाठी गोमंतकीयांना पुन्हा कोणी विचारावयास आले नसते. त्या काळी महाराष्ट्रात आचार्य अत्र्यांसारखे धुरंधर विलीनीकरणासाठी लेखणी आणि वाणी पणाला लावून उभे होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या विजयाची ऊब अजून ओसरलेली नसताना मराठी मनाला ती मागणी स्वाभाविक वाटावी यात नवल नव्हते. तरीही मराठी माणसाने आज स्वतःला विचारले पाहिजे की, तेवढ्या फरकाने फूल जिंकले असते, तर लाख-दीड लाख माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आपल्यात सामावून घेण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पोहोचला असता काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. कायद्याने ते विलीनीकरण वैध ठरले असते. परंतु वैध कृत्य उचित असतेच असे नाही, आणि विरोध करणाऱ्यांतील अनेकांची लेखणी तर मराठीच होती. ‘राष्ट्रमत’ हे विलीनीकरणविरोधी दैनिक मराठीतूनच निघत होते, आणि त्यातील उदय भेंब्रे यांचे सदर मराठी वाचकालाच साद घालीत होते. ज्यांच्याशी वाद आपल्याच भाषेत चालला होता त्यांची मते केवळ मोजून बाजूला सारावयाची, हे भाषाप्रेमाला शोभले नसते.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट मात्र पुढे, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात घडली. ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले, त्यांनीच विधानसभेच्या निवडणुकीत बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. माणूस कारभारासाठी एकाला निवडतो आणि आपल्या अस्तित्वाचा प्रश्न मात्र त्याच्याही हाती सोपवीत नाही, हा विवेक गोमंतकाच्या सामान्य मतदाराने कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता दाखविला. दोन कौल दोन महिन्यांच्या अंतराने घेतले गेले म्हणून हा भेद उघड झाला. ते एकाच निवडणुकीत कालविले गेले असते, तर बांदोडकरांच्या लोकप्रियतेलाच विलीनीकरणाची संमती समजण्याचा प्रमाद घडला असता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अल्पमतात पडलेल्याने बहुमताची आज्ञा का पाळावी? माझ्या समजुतीप्रमाणे याला तीन आधार आहेत. प्रश्न कसा सोडवावयाचा या रीतीला त्याने आरंभीच संमती दिलेली असते. आज हरलो तरी उद्या जिंकू ही आशा त्याला असते. आणि जे हरले ते त्याचे मत असते, त्याची माणूस म्हणून असलेली ओळख नव्हे. हे तीनही आधार शाबूत असतील तर एका मताचे बहुमतही न्याय्य होय. तीनही ढासळले, तर उरते ते संख्येचे बळ. आणि बळ दंडाचे असो की संख्येचे, त्यापुढे मान तुकविणे याला संमती म्हणता येत नाही.

हा विचार परका नाही. बौद्ध संघात मतभेद मिटविण्यासाठी शलाका वाटून बहुमत घेण्याची रीत होती, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच परंपरेची आठवण करून दिली होती. परंतु त्या रीतीला विनयपिटकाने घातलेले कुंपण अधिक मननीय आहे. चुल्लवग्गात शलाका केव्हा वाटणे अनुचित ठरते याची यादी आहे, आणि मत घेतल्याने संघच दुभंगेल असे दिसत असेल तर ते घेऊ नये, हे तीत स्पष्ट आहे. किरकोळ कार्यासाठी प्रस्तावानंतर एकदाच पृच्छा होई. एखाद्यास उपसंपदा देण्यासारख्या गंभीर कार्यासाठी ती तीनदा करावी लागे. निर्णय जितका भारी, तितकी संमती अधिक वेळा आणि अधिक खोलवर तपासावी, हे सूत्र त्या भिक्षूंना उमगलेले होते. १७६२ साली रूसोनेही हेच प्रतिपादिले की, विषय जितका गुरुतर तितका निर्णय एकमताच्या निकट जावा.

आमच्या सहकारी साखर कारखान्यांचा कायदाही हेच जाणतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवरील विषय वाचला जातो, मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा उठतो, आणि ताळेबंदापासून लेखापरीक्षकाच्या नेमणुकीपर्यंतचे विषय घटकेत निकालात निघतात. पण एक संस्था दुसरीत विलीन करावयाची म्हटली की १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम खास त्या कामासाठी विशेष सभा बोलवावयास लावतो, हजर राहून मत देणाऱ्या सभासदांपैकी दोन-तृतीयांशांची संमती मागतो, आणि ज्याला ते विलीनीकरण नको असेल त्याला आपले भाग काढून घेण्याची मुभाही देतो. उसाच्या संस्थेच्या विलीनीकरणाला जे संरक्षण आहे, ते १९६७ साली एका प्रदेशाच्या विलीनीकरणाला नव्हते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

यावर एक प्रबळ आक्षेप आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. अट जितकी कडक, तितके चालू स्थितीचे हितसंबंध सुरक्षित. दारूचे दुकान बंद करण्यासाठी आपल्याकडे ‘आडवी बाटली’चे मतदान होते, त्यात मतदानाला आलेल्या नव्हे, तर यादीतील एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिकांनी बंदीच्या बाजूने मत द्यावे लागते, आणि त्यामुळे जी बाई त्या दिवशी मजुरीवर गेली तिचे न पडलेले मत दुकानदाराच्या खाती जमा होते. हा अन्यायच आहे. परंतु तो दूर करण्याची दिशा वरील विवेचनातूनच मिळते : बंद झालेले दुकान पुन्हा उघडता येते, आणि त्यात कोणाची ओळख पुसली जात नाही, म्हणून तेथे पडलेल्या मतांचे साधे बहुमत पुरेसे मानले पाहिजे. उलट काही प्रश्न असे आहेत की ते मतास टाकणेच अधर्म्य होय. १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या वेळी नाशिकचा कौल घेतला असता तर दार उघडले असते असे मानण्यास आधार नाही. पण अस्पृश्याचा माणूसपणाचा हक्क नाशिककरांच्या मोजणीवर अवलंबूनच नव्हता. न्याय्य हक्कासाठी बहुमताची वाट पाहावी लागत नाही, आणि हक्क हिरावून घेण्यास बहुमत कधीच पुरेसे नसते.

या दोन टोकांच्या मध्ये सीमा, सार्वभौमत्व आणि विलीनीकरणाचे प्रश्न येतात, आणि तेथे जगाचा अनुभव आपल्याला सावध करतो. २०१६ च्या जूनमध्ये ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. पण सोडावयाचे ते कोणत्या अटींवर, हे मतपत्रिकेवर नव्हतेच, आणि म्हणून साडेतीन वर्षे तो देश आपल्याच उत्तराचा अर्थ लावण्यात झिजला. याउलट १९९५ साली क्वेबेकचा प्रश्न एका टक्क्याहून किंचित अधिक फरकाने सुटल्यानंतर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये असा अभिप्राय दिला की, स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळाले तर त्यातून सर्व पक्षांवर वाटाघाटीचे कर्तव्य येते. एकतर्फी विभक्त होण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही.

मला यात सर्वाधिक ग्राह्य वाटते ते हे कर्तव्याचे तत्त्व. निसटता कौल निरर्थक नसतो. निम्म्याहून अधिक माणसे बदल मागत असतील तर त्यांच्याकडे पाठ फिरविणे हाही अन्यायच. परंतु असा कौल जिंकणाऱ्याला अधिकारापेक्षा जबाबदारी अधिक देतो. त्याने बदलाची वाटाघाट सुरू करावी, अटी जाहीर कराव्यात, हरलेल्यांची भाषा, दैवते आणि दप्तरे यांना लेखी अभय द्यावे, आणि त्या अटींसह तोच प्रश्न पुन्हा एकदा लोकांपुढे मांडावा. गोव्यात संघप्रदेशवाद्यांनी कौल जिंकला, तरी भाषेचा प्रश्न वीस वर्षे धुमसत राहिला, त्यापायी रक्तही सांडले, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान देताना मराठीच्या वापराचीही तजवीज करावी लागली. जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी जागा राखावीच लागते. ती पहिल्याच दिवशी राखली, तर वीस वर्षांचा कलह टळतो. ज्या बदलाला ही प्रतीक्षा सोसत नाही, आणि पुन्हा विचारले तर लोक काय म्हणतील याचीच ज्याला धास्ती वाटते, तो बदल लोकांच्या इच्छेतून जन्मला असे म्हणण्याचा अधिकार त्याच्या पुरस्कर्त्यांना पोहोचत नाही.