उघड्या दाराशी क्षणभर

भाविक भक्तहो,

देवदर्शनाच्या ओढीने दूरदूरच्या गावांहून आपण येथे आला आहात. दर्शनाने चित्त प्रसन्न झाले असेल. त्याच प्रसन्न चित्ताने पुढील चार शब्दांवर मनन करावे, ही नम्र विनंती.

पंढरपुरी महाद्वारासमोर, नामदेव पायरीनजीक, संत चोखामेळा यांची समाधी आहे. ज्या चोखोबांची अभंगवाणी वारकरी आजही प्रेमाने गातात, त्यांना हयातभर मंदिराबाहेरच उभे राहावे लागले. त्यांच्या मागे सुमारे सहाशे वर्षे त्यांच्या ज्ञातिबांधवांनाही ते दार बंदच होते. या काळात लक्षावधी भाविक त्या समाधीवर मस्तक ठेवून आत गेले. ते सारे निर्दय होते काय? मुळीच नाही. मग बंद दार त्यांच्या दृष्टीस का पडले नाही? कारण त्यांच्यासाठी ते उघडे होते!

आपल्या दुर्लक्षाचे मूळ बहुधा दुष्टपणात नसून सुखरूपतेत असते. आपल्या पायी काटा मोडला की सारे लक्ष तेथे धावते. शेजाऱ्याच्या पायीचा काटा आपली झोप मोडीत नाही. नित्य दिसणारे दुःख अंगवळणी पडते. पुढे ‘दुसरे कोणी पाहील’ असे वाटू लागते. अखेरीस ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु प्रारब्धाचा विचार आपले दुःख धैर्याने सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी नव्हे. जो इतरांचे सुखदुःख स्वतःसारखेच जाणतो तो श्रेष्ठ योगी, असे भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे.

शांतिब्रह्म एकनाथ महाराजांची कथा सर्वश्रुत आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. तहान नाथांची नव्हती, तरी ती त्यांना जाणवली. रामेश्वराचा अभिषेक तेथेच पूर्ण झाला, अशी त्यांची श्रद्धा होती.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरी प्राणांतिक उपोषण आरंभिले. गुरुजींना स्वतःला मंदिरप्रवेशास कोणतीही आडकाठी नव्हती. दार इतरांस बंद होते, वेदना मात्र गुरुजींना झाली. आणि अखेर ते दार सर्वांस उघडले.

भक्तहो, आज मंदिरांची दारे उघडली, तरी आपल्या नजरेआड राहिलेली दारे संपलेली नाहीत. यात्रा पांगते, आपण प्रसाद घेऊन घरी परततो. मागे राहिलेली घाण कोणाचे तरी हात उचलतात. माणसाने माणसाचा मैला हाताने वाहू नये, यासाठी १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे झाले. तरीही गटारात अथवा मैल्याच्या टाकीत उतरलेले कामगार विषारी वायूने गुदमरून प्राणास मुकतात. वृत्तपत्रात ती बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. आपल्या घरचे कोणी तेथे उतरलेले नसते.

आपण देवचरणी यथाशक्ति दान अर्पण करता, ते पुण्यकारकच आहे. त्यासोबत एक संकल्प येथूनच न्यावा. आपल्या घराची वा सोसायटीची टाकी उपसावयाची झाल्यास माणूस उतरवू नये, यंत्रच मागवावे. दोन पैसे अधिक लागले तरी ते सेवेच्या खाती जमा झाले असे मानावे. या परिसरात झाडू मारणाऱ्या बंधूभगिनींसाठी आपला कचरा आपणच कुंडीत टाकावा.

परतताना महाद्वारी क्षणभर थांबावे आणि स्वतःस विचारावे : जे दार मला उघडे आहे, ते कोणास बंद आहे? हा प्रश्न ज्याच्या मनी जागा राहील, त्याची यात्रा खऱ्या अर्थाने सफल झाली.

॥ रामकृष्ण हरी ॥