स्वभावाला औषध नाही?



संसारातली भांडणे घेऊन जोडपी आम्हां धर्मगुरूंकडे येतात, तेव्हा एक वाक्य हमखास कानी पडते : ‘फादर, माझा स्वभावच तापट, काय करणार?’ शेजारी बसलेली पत्नी त्या वेळी खाली पाहत असते. ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीने नवऱ्याला सूट मिळते, किंमत मात्र ती मोजते. त्यामुळे ही म्हण खरी की खोटी, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गातला राहत नाही.

ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी याचा विचार केला. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी तो आपणहून वर जायला शिकत नाही. तो त्याचा स्वभाव. सद्गुणांचे तसे नाही, असे तो म्हणतो. गवंडी जसा बांधता बांधता गवंडी होतो, तसा माणूस संयमाने वागत वागत संयमी होतो. आपण मात्र आधी मन बदलण्याची वाट पाहत बसतो!

संत इग्नाती लोयोला यांनी सोळाव्या शतकात यासाठी एक साधी रीत सांगितली. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच निश्चय करायचा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घ्यायचा. कागदावर प्रत्येक दिवसाच्या दोन ओळी आखून, जितक्या वेळा पडलो तितके ठिपके द्यायचे. पडल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा, तोही चारचौघांत कुणाच्या लक्षात न येता. मग कालचे ठिपके आजच्यांशी ताडून पाहायचे. आजचे मानसोपचारतज्ज्ञही राग कधी आला, त्याआधी मनात कोणता विचार होता, याची नोंद ठेवायला सांगतात.

याला वेळ लागतो. २१ दिवसांत जीवन बदलण्याची हमी देणाऱ्या पुस्तकांवर आमचा विश्वास नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांना रोजची एक छोटी सवय लावून घ्यायला सांगितले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात. कुणाला १८, तर कुणाला २५४. आपला उपवासकाळ चाळीस दिवसांचा; ईस्टरला बाटली पुन्हा टेबलावर दिसते याचे नवल नको. (व्यसन जडले असेल तर ठिपके पुरत नाहीत, डॉक्टरांकडे जावे.) याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आम्हांला मोलाची वाटते : एखादा दिवस चुकला म्हणून आधीची मेहनत वाया जात नाही. ‘सोमवारी ओरडलो, आता या आठवड्याचे संपले’ असे मानणारे पुष्कळ भेटतात. मंगळवारची ओळ तर कोरीच असते.

घरात हात उगारला जात असेल, तर मात्र पत्नीने ठिपके कमी होण्याची वाट पाहायची नाही. तिने माहेरी सांगावे, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. आमचे दार रात्री-अपरात्रीही ठोठवावे.