अब्रामाचा प्रश्न

“देवाच्या वचनावर भरवसा ठेवायचा तर शंकेला उंबरठाही ओलांडू द्यायचा नाही,” असं पुष्कळ भाविक मानतात. शंका घेणारा त्यावरच बोट ठेवतो: “मग हा विश्वास, की डोळ्यांवर ओढून घेतलेलं कातडं?” दोघंही एकच गोष्ट धरून चालतात, की विश्वास आणि शंका एका घरात नांदत नाहीत. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय सावकाश वाचला, तर हे टिकत नाही. सहाव्या वचनात अब्राम परमेश्वरावर विश्वास ठेवतो आणि ते त्याचं नीतिमत्त्व गणलं जातं. आठव्या वचनात तोच अब्राम विचारतो, हा देश मला मिळणार हे मी कशावरून समजू? देव रागावत नाही. कालवड, शेळी आणि मेंढा आणायला सांगतो, तिन्ही तीन-तीन वर्षांची. अब्राम ती मधोमध चिरून अर्धी अर्धी समोरासमोर मांडतो. मग नुसती वाट पाहणं. मांसावर हिंस्र पक्षी झेपावतात, तो त्यांना हाकलत राहतो. काळोख पडल्यावर देवाची खूण म्हणून धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. करार मोडला तर माझीही अशीच गत होवो, असा त्या चालण्याचा अर्थ. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात तो उघड दिसतो. इथं मात्र अब्रामाला त्यातून चालावंच लागत नाही. त्याच्या शंकेला मिळालेलं उत्तर हे असं होतं: वचन देणाऱ्यानं सगळी जोखीम स्वतःवर घेतली.

“पण मुदत न घातलेलं वचन खोटं ठरणार तरी कधी?” हा आक्षेप वजनदार आहे. वचन ऐकून हारान शहर सोडताना अब्राम 75 वर्षांचा होता आणि वचनातला मुलगा इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. पंचवीस वर्षं कुणालाही पोखरून काढतील. तरी भाकीत आणि वचन यांत फरक आहे. भाकीत घटनेवर तोलायचं, वचन ते देणाऱ्यावर. मग तो कसा आहे, हे कुठं कळतं? मला ते सोळाव्या अध्यायात कळतं. तिथं देवाला कुणी काही विचारतच नाही. मूल होत नाही म्हणून अब्रामाची बायको साराय उपाय सुचवते, अब्राम मान डोलावतो आणि हागार ही मिसरी दासी परस्पर वापरली जाते. शंकेला शरण जाणं ते हे. प्रश्न विचारण्यात काही बिघडलं नव्हतं; बिघडलं ते प्रश्न गिळून आडवाट धरली तेव्हा, आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसानं मोजली. गरोदर हागार सारायच्या छळाला कंटाळून रानात पळते. देवाचा दूत तिला झऱ्याजवळ गाठतो, आणि ती त्या देवाला ‘पाहणारा देव’ असं नाव देते. वचन मिळालेल्यांनी जिला दुखावलं, तिच्याही मागं जो जातो, त्याच्या शब्दाला वजन आहे असं मानायला मला हा पुरावा पुरतो.

“म्हणजे हात जोडून बसायचं? गांजलेल्यांना नेहमी हेच शिकवतात.” शिकवतात, आणि तो अन्यायच आहे. पण अब्रामानं विश्वास ठेवला असं सांगणारं हिब्रू क्रियापद ज्या धातूवरून येतं, त्यावरूनच आपलं ‘आमेन’ आलं; मुळात अर्थ पक्कं, स्थिर असणं. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे वर उचललेले हात भरून येतात. त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते उचलून धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहतात. तिथला ‘स्थिर’ हा शब्द त्याच धातूचा. भरून आलेले हात, आणि ते धरणारी दुसरी माणसं: या विश्वासात आळसाला जागा कुठं आहे?

पुढं अब्रामाचं नाव अब्राहाम झालं आणि सारायचं सारा. सारा हेब्रोनला वारली, तेव्हा वचनातल्या त्या देशात अब्राहामाच्या मालकीची वीतभरही जमीन नव्हती. आपण इथं परके आहोत, असं त्यानं हित्ती लोकांना सांगितलं, एफ्रोनला चांदीचे 400 शेकेल तोलून दिले आणि मकपेलाची गुहा तिच्यासाठी विकत घेतली.